राज्याचा इन्कम टॅक्स शून्य झाला तर नक्की कोणाचं भलं?

केरीवासी
मंडळी, रिटर्न भरायला बसलोय, त्यामुळे डोक्यात हाच विषय घोळतोय. आम्ही बारा वर्षं नॉर्थ कॅरोलिनात, केरी गावात. आलो तेव्हा राज्याचा इन्कम टॅक्स ५.८ टक्के होता. २०२५ चा भरतोय तो ४.२५ ने, आणि या जानेवारीपासून दर ३.९९ झालाय. पुढे ट्रिगर आहेत. राज्याचा महसूल ठरलेल्या आकड्यावर गेला की दर आपोआप आणखी खाली, अगदी २.४९ पर्यंत जाऊ शकतो.

गणपतीत डलासहून साडू आले होते. "तुम्ही लोक अजून राज्यालाही टॅक्स भरता?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं की जणू आम्ही अजून चुलीवर स्वयंपाक करतो. तेव्हापासून वाटायला लागलंय, एकदाचा शून्य करून टाका की! टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन, वायोमिंग, साऊथ डकोटा, अलास्का, न्यू हॅम्पशर, नऊ राज्यं पगारावर छदाम घेत नाहीत. तिथे रस्ते नाहीत की शाळा नाहीत? मिसिसिपीने तर शून्यावर जायचा कायदाच केलाय. मिझुरी आणि जॉर्जियातही तीच चर्चा आहे.

माझं मत : करावा. तुमचं?

वांगीभात
पहिला नंबर! आता वाचते.

फ्रिस्कोकर
मीही टेक्सासचाच, डलासजवळच्या फ्रिस्कोचा, पण आधीच सांगतो, तो साडू मी नव्हे.

इन्कम टॅक्स नाही हे खरं. पण साडूंना त्यांचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दाखवायला सांगा. आमचं घर सहा लाखांच्या आसपासचं आहे, गेल्या वर्षीचं बिल साडेनऊ हजार. होमस्टेड एक्झम्प्शन, म्हणजे राहत्या घराच्या किमतीतला करमाफ भाग, २०२३ ला ४० हजारांवरून एक लाख केलं आणि आता मतदान घेऊन १ लाख ४० हजार केलं, म्हणून एवढ्यावर भागलं. ते फक्त शाळेच्या करापुरतं असतं बरं का. काउंटी, शहर, कॉलेज यांचे हिशोब वेगळे. शिवाय सेल्स टॅक्स सव्वाआठ.

आणि नोकरी गेली तर इन्कम टॅक्स आपोआप शून्य होतो, प्रॉपर्टी टॅक्स होत नाही. २०२३ मध्ये चार महिने घरी बसलो होतो तेव्हा हे नीट समजलं.

हिशोबनीस
मतं नंतर, आधी आकडे. केरीवासी यांचं उत्पन्न मला माहीत नाही. समजा नवराबायकोचं मिळून १ लाख ८० हजार. नॉर्थ कॅरोलिनाचं स्टँडर्ड डिडक्शन २५,५०० वजा करा, उरले १,५४,५००. त्यावर ३.९९ ने ६,१६५ डॉलर. तेच ४.२५ ने ६,५६६. म्हणजे यंदाच्या कपातीने वाचले ४०० डॉलर, महिन्याला ३३. एवढ्यासाठी फटाके वाजवू नका. पण शून्य झाला तर सहा हजारांची गोष्ट आहे, हे मान्य.

आता सहा लाखांचं घर केरीत असेल तर प्रॉपर्टी टॅक्स किती? केरीवासी, तुम्हीच सांगा.

केरीवासी
आमचं साधारण तेवढ्याच किमतीचं आहे. शहर आणि वेक काउंटी मिळून पाच हजारांच्या थोडं वर.

हिशोबनीस
म्हणजे फ्रिस्कोकर प्रॉपर्टी टॅक्समध्ये तुमच्यापेक्षा साडेचार हजार जास्त देतात आणि इन्कम टॅक्समध्ये सहा हजार वाचवतात. दीड-पावणेदोन हजारांनी टेक्सास पुढे. सेल्स टॅक्सचा एक टक्का फरक धरला तर आणखी कमी. साडूंचा रुबाब तेवढ्याच किमतीचा आहे.

पण पगार साडेतीन लाख असेल आणि घर तेच असेल, तर टेक्सास खूपच पुढे. उलट पगार ४० हजार आणि भाड्याच्या घरात एकटा माणूस : नॉर्थ कॅरोलिनात त्याला अकराशेच्या आत टॅक्स. टेक्सासमध्ये तो शून्य, पण घरमालक आपला प्रॉपर्टी टॅक्स काही खिशातून भरत नाही, तो भाड्यात येतो. म्हणून "शून्य बरा की वाईट" याला एक उत्तर नाही. किती कमावता आणि त्यातलं किती खर्चून टाकता, यावर सगळं आहे.

स्पष्टवक्ता
हिशोब छान, पण राज्य सरकार पैसे कुठे घालवतं हे कोणी बोलायचंच नाही का? दर कमी ठेवला की सरकारला काटकसर शिकावी लागते. नॉर्थ कॅरोलिना हे याचं उत्तम उदाहरण आहे. २०१३ च्या आधी वरचा दर ७.७५ होता. तेव्हा सगळे म्हणाले राज्य बुडेल. बुडालं? उलट लोक लोंढ्याने येताहेत. कॉर्पोरेट टॅक्स ६.९ वरून २ वर आला, २०३० पर्यंत शून्य होणार, कंपन्या येताहेत. मॉरिसव्हिलच्या देवळात पार्किंग मिळत नाही, यातच सगळं आलं.

वांगीभात
देवळातल्या पार्किंगवरून राज्याची अर्थव्यवस्था मोजणारे पहिले अर्थतज्ज्ञ. :)

मेधा_ओव्हरलँडपार्क
धाग्यात कॅन्ससचं नाव अजून कसं आलं नाही? मी २००९ पासून इथे आहे, तो सगळा तमाशा डोळ्यांनी पाहिलाय.

२०१२ च्या मे महिन्यात गव्हर्नर ब्राउनबॅक यांनी सही केली. वरचा दर ६.४५ वरून ४.९. तिथवर ठीक होतं. पण सोबत एक गंमत केली. एलएलसीसारख्या (मर्यादित जबाबदारीची छोटी खाजगी कंपनी) धंद्यातून मालकाच्या रिटर्नमध्ये येणाऱ्या नफ्यावर राज्याचा कर थेट शून्य. म्हणजे पगारदार नर्सने टॅक्स भरायचा आणि तिच्या डॉक्टर मालकाच्या नफ्याला माफी. मग काय होणार? जो तो कंत्राटदार. आमच्या ओळखीतल्या दोघांनी "पगार नको, एलएलसीला द्या" म्हणून खटपट केली. सरकारने धरले होते दोन लाखांच्या आतबाहेर लाभार्थी, निघाले तीन लाखांवर. सल्लागार म्हणून आर्थर लॅफर होते, तेच ते, कर कमी केला की महसूल वाढतो असा वक्र काढणारे.

२०१३-१४ च्या आर्थिक वर्षात महसूल सातशे मिलियनच्या आसपास घसरला. २०१४ ला मूडीज आणि एस अँड पी दोघांनी राज्याचं पतमानांकन उतरवलं. रस्त्यांच्या खात्यातून इतक्या वेळा पैसे उचलले की लोक त्याला 'बँक ऑफ केडॉट' (केडॉट म्हणजे तेच कॅन्ससचं रस्ते खातं) म्हणायला लागले. पेन्शन फंडाचे हप्ते पुढे ढकलले. २०१५ मध्ये काही शाळांनी पैसे नाहीत म्हणून वर्ष काही दिवस आधीच आटोपलं. आणि त्याच वर्षी भोक बुजवायला सेल्स टॅक्स ६.१५ वरून ६.५ केला, किराण्यावरसुद्धा! दूध, अंडी, पीठ, सगळ्यावर. म्हणजे एलएलसीवाल्याची माफी भरून काढली कोणी, तर दुकानात पीठ घेणाऱ्या प्रत्येकाने.

शेवटी जून २०१७ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून ते सगळं मागे घेतलं. लक्षात घ्या, दोन्ही सभागृहांत बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं.

आणि हो, नोकऱ्यांचा पाऊस काही पडला नाही. कॅन्सस सिटीत एक रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. कंपन्या इकडून तिकडे, तिकडून इकडे गेल्या. पाट्या बदलल्या, माणसं तीच.

स्पष्टवक्ता
मेधाताई, कॅन्ससचं उदाहरण प्रत्येक वेळी बाहेर येतं, पण ते चुकीच्या पद्धतीने केल्याचं उदाहरण आहे. एलएलसीची माफी हा मूर्खपणाच होता, मलाही पटतं. नॉर्थ कॅरोलिनाने सवलती आधी काढल्या, सेल्स टॅक्सचा पाया रुंद केला, हळूहळू दर उतरवले, गंगाजळी ठेवली. उपास करणं आणि उपाशी मरणं यात फरक आहे.

मेधा_ओव्हरलँडपार्क
पद्धतीतला फरक मान्य. पण "पाया रुंद केला" हे फार गोड वाक्य आहे. २०१६ पासून तुमच्याकडे गाडी दुरुस्तीच्या मजुरीवरही सेल्स टॅक्स लागतो. आणि २०१३ नंतर कमी पगाराच्या कामगारांना मिळणारं राज्याचं अर्न्ड इन्कम क्रेडिट बंद केलं. पाया रुंद होताना कोणाच्या अंगणात खणला तेही सांगा.

(इथेही पुन्हा तेच चाललंय. २०२५ मध्ये नकाराधिकार झुगारून ट्रिगरवाला कायदा केलाय, ४ टक्क्यांच्या एकाच दराकडे. विस्मरण हे वरदान आहे.)

सावंतवाडीचा_सुपुत्र
२०१२ म्हटल्यावर आठवलं. त्याच वर्षी गोव्यात पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता. लिटरमागे अकरा रुपये कमी! आम्ही बांद्याच्या पुढे सीमेपलीकडे जाऊन टाकी फुल्ल करून यायचो. पत्रादेवीला महाराष्ट्राच्या गाड्यांची रांग. मित्राचा बाप म्हणायचा, "दहा रुपये वाचवूक वीस रुपयांचा जाळता." पुढे गोव्यात व्हॅट हळूहळू परत वाढला आणि आमची वारी बंद पडली.

कोलंबियाकाठी
सावंतवाडीकर, आमच्याकडे ही वारी रोजची आहे. मी व्हँकुव्हरला राहतो. कॅनडातलं नाही, वॉशिंग्टन राज्यातलं. नदीपलीकडे पोर्टलंड, ओरेगन. वॉशिंग्टनमध्ये पगारावर टॅक्स नाही, ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही. त्यामुळे इकडे राहायचं आणि टीव्ही, फ्रीज तिकडून आणायचा, हा आमच्या गावाचा कुळाचार. नियमाने अशा बाहेरून आणलेल्या वस्तूंवर वॉशिंग्टनला यूज टॅक्स भरावा लागतो. भरणारा अजून भेटलेला नाही.

पण मेख अशी की माझी नोकरी पोर्टलंडला. त्यामुळे ऑफिसात बसून मिळवलेल्या पगारावर ओरेगन टॅक्स घेतंच. बायको घरून वॉशिंग्टनच्या कंपनीचं काम करते, तिला शून्य. रोज सकाळी मी पूल ओलांडताना ती हात हलवते, त्यात थोडी टिंगल असते.

रच्याकने, वॉशिंग्टनला इन्कम टॅक्स नाही याचं कारण बरंच जुनं आहे. १९३२ मध्ये लोकांनी इन्कम टॅक्सला मत दिलं होतं, भरघोस. १९३३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की उत्पन्न ही मालमत्ता, आणि मालमत्तेवर चढत्या दराने कर लावता येत नाही. तेव्हापासून सेल्स टॅक्सवर गाडी चाललीय. सिएटलमध्ये तो दहाच्या वर आहे. २०२१ मध्ये मोठ्या भांडवली नफ्यावर ७ टक्के कर लावला. तो इन्कम टॅक्सच की, असं म्हणत लोक कोर्टात गेले, तर २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं ही एक्साइज, म्हणजे व्यवहारावरचा कर, इन्कम टॅक्स नव्हे. २०२४ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. म्हणजे शून्यवाल्या राज्यातही लोकांना सगळंच शून्य नको असतं.

नाशिकचिवडा
आपल्याकडे महाराष्ट्रात राज्याला पगारावर टॅक्स घ्यायचा अधिकारच नाही, फक्त प्रोफेशन टॅक्स, वर्षाला अडीच हजारांवर नेता येत नाही. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीचे दिवस कमी आणि टॅक्स जास्त, हे कोडं मला पहिल्या नोकरीत सुटलं नव्हतं. :)

जुना_मुनीम
अडीच हजारांची बारा हप्त्यांत वाटणी केली की १०० उरतात, ते वर्षाच्या शेवटी काढतात. एवढंच.

पण जकातीची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. महापालिकांची जकात जावी म्हणून आम्ही व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं बोंब मारली. गेली. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तेव्हा आम्हीच दुकानं बंद ठेवून संप केला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, आणि महापालिकांना राज्य सरकारकडून भरपाई सुरू झाली. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, तिथेही भरपाईच. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा गेल्या हे फार चांगलं झालं. पण ज्या महापालिकेचा स्वतःचा गल्ला होता, ती आता दर महिन्याला मंत्रालयाकडे डोळे लावून बसते. कर काढायच्या आधी, उद्या पैसे कोणाकडे मागायचे, हे विचारून ठेवावं.

स्पष्टवक्ता
धागा अमेरिकेतून मुलुंड चेकनाक्यावर पोचला. अभिनंदन.

वांगीभात
मुलुंडला वडापाव तरी मिळतो.

शाळेतली_ताई
मी वेक काउंटीतल्या एका सरकारी शाळेत असिस्टंट आहे. जास्त आकडे मला येत नाहीत, दोन गोष्टी सांगते. आमच्या शाळेत यंदा विज्ञानाला दोन महिने कायम शिक्षक नव्हता. बदली शिक्षकांवर चाललं. जाहिरात होती, माणूस मिळाला नाही. दुसरं, पालक सभेत आपलेच लोक शाळेचं रेटिंग पाहून घर घेतलं असं अभिमानाने सांगतात, आणि गाडीत बसताना टॅक्स कसा फुकट जातो यावर बोलतात. मी दोन्ही ऐकते.

लिआंड्रो खटला कुणाला माहीत आहे का? प्रत्येक मुलाला पुरेसं शिक्षण देणं ही राज्याची जबाबदारी, म्हणून गरीब काउंट्या १९९४ मध्ये कोर्टात गेल्या. ती मुलं आता चाळिशीला आली. पैशाचा वाद तिथेच.

केरीवासी
ताई, दुसऱ्या मुद्द्याला मी निमूट हात वर करतो. आमचं घर शाळा बघूनच घेतलंय.

हिशोबनीस
ताईंच्या मुद्द्याला आकड्यांची जोड. नॉर्थ कॅरोलिनाच्या जनरल फंडात, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीत, जवळजवळ निम्मा पैसा वैयक्तिक इन्कम टॅक्समधून येतो. शून्य करायचा तर तेवढी रक्कम दुसरीकडून आणा, नाहीतर निम्म्याच्या जवळपास खर्च कापा. अलास्काने १९८० मध्ये रद्द केला, पण त्यांच्याकडे प्रुडो बेचं तेल होतं, उलट लोकांनाच दरवर्षी चेक मिळतो. फ्लोरिडाकडे पर्यटक, नेवाडाकडे कॅसिनो. टेनेसीने तर पगारावर कधी घेतलाच नाही. फक्त व्याज आणि लाभांशावर होता, तो २०२१ ला संपला, आणि तिथे किराण्यावरसुद्धा राज्याचा ४ टक्के सेल्स टॅक्स आहे. मुळातच नसणं वेगळं आणि निम्मं उत्पन्न असलेला कर काढणं वेगळं.

म्हणूनच २०२५ मध्ये रॅलेला, म्हणजे आमच्या राजधानीत, वाद लागला. दोन्ही सभागृहं एकाच पक्षाची, तरी ट्रिगरवरून सेनेट आणि हाऊसचं जमलं नाही. हाऊस म्हणतं जरा दम धरा, सेनेट म्हणतं ठरलंय ते ठरलंय. त्या भांडणात बजेट अडकलं आणि शिक्षकांची पगारवाढही.

दशांशचिन्ह
ट्रिगरचा विषय निघालाय तर मिसिसिपीचा किस्सा ऐकाच, कैच्याकै आहे. गेल्या वर्षी तिथे हाऊसला इन्कम टॅक्स लवकर संपवायचा होता, सेनेटला सावकाश. सेनेटने बिलात कडक ट्रिगर घातले, महसुलाची वाढ इतकी इतकी झाली तरच पुढची कपात. पण टाईप करताना दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलं. जिथे ८५ टक्के हवे होते तिथे ०.८५ टक्के झाले. म्हणजे किंचित वाढ झाली तरी कपात सुरू. सेनेटने ते न वाचता मंजूर केलं. हाऊसच्या लक्षात आलं, ते गप्प बसले, तसंच्या तसं मंजूर केलं आणि गव्हर्नरकडे पाठवलं. गव्हर्नर रीव्ह्ज यांनी आनंदाने सही केली. ४ टक्क्यांवरून २०३० पर्यंत ३, आणि मग ट्रिगरने शून्याकडे. सोबत किराण्यावरचा टॅक्स ७ वरून ५ केला हे चांगलं, पण पेट्रोलवरचा गॅलनमागे तीन वर्षांत ९ सेंटने वाढतोय.

एका टिंबाने राज्याचं धोरण ठरलं. माझ्या आयडीची प्रेरणा तिथूनच आहे.

सावंतवाडीचा_सुपुत्र
आमच्या गणिताच्या मास्तरांनी त्या सेनेटला बाकावर उभं केलं असतं.

निवृत्त_काका
मी न्यू हॅम्पशरमध्ये मुलाकडे राहतो. इथे सेल्स टॅक्स नाही, पगारावर टॅक्स नाही, व्याज-लाभांशावरचा होता तोही २०२५ पासून गेला. ऐकायला स्वर्ग. मुलाचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल पाहिलं तेव्हा स्वर्गाचं भाडं कळलं. शेजारच्या आजी एकट्या राहतात, घराचं कर्ज कधीच फिटलंय. त्या म्हणाल्या, घर माझं आहे पण दर सहा महिन्यांनी नगरपालिकेकडून परत विकत घेते.

स्पष्टवक्ता
काका, वाक्य आवडलं. हाच माझा मुद्दा प्रॉपर्टी टॅक्सबद्दल आहे, तोही कमी करा! पण एक कबूल करतो. ४०० डॉलरचा आकडा पाहिल्यावर माझा उत्साह जरा उतरला. मी ट्रिगरच्या बाजूनेच आहे, फक्त महागाई आणि लोकसंख्या धरून आकडे लावलेले असावेत. नुसता महसूल महागाईने फुगला आणि तेवढ्यावर दर उतरला, तर ती काटकसर नव्हे, भ्रम.

मेधा_ओव्हरलँडपार्क
स्पष्टवक्ते आणि मी एकमत. तारीख लिहून ठेवा.

फ्रिस्कोकर
मूळ प्रश्नाकडे. केरीवासी, तुम्ही टेक्सासला यायचा विचार करताय की आहात तिथे शून्य हवाय? यायचं असेल तर टॅक्ससाठी येऊ नका. नोकरीसाठी, नातेवाइकांसाठी या. इथे २०१९ मध्ये घटनादुरुस्ती करून इन्कम टॅक्सला बंदीच घातलीय, त्यामुळे पैसे लागले की घरावरच येतात. आणि मोठं घर घेऊ नका. सगळे तिथेच फसतात.

केरीवासी
यायचा विचार होता खरा, साडूंनी पेटवला होता. काल धागा त्यांना पाठवला. उत्तर आलं : "वाचला. नंतर बोलू. गारपिटीत छप्पर गेलंय, इन्शुरन्सचं डिडक्टिबल घराच्या किमतीच्या २ टक्के आहे." बिचाऱ्यांना आणखी काही बोललो नाही.

माझं मत बदललंय म्हणा. ३.९९ वर थांबले तर मला चालेल. शून्याचा आग्रह सोडला. ताईंच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षक मिळो.

आता एक खरा प्रश्न, हिशोबनीस. पुण्याच्या बँकेतल्या एफडीचं व्याज राज्याच्या रिटर्नमध्येही येतं ना? आणि तिथे कापलेल्या टीडीएसचं काय?

हिशोबनीस
येतं. राज्य फेडरलच्याच आकड्यापासून सुरुवात करतं. मात्र नॉर्थ कॅरोलिना दुसऱ्या देशाला भरलेल्या इन्कम टॅक्सचंही क्रेडिट देतं, डी-४०० टीसी फॉर्म बघा. टीडीएसचा नुसता आकडा चालणार नाही, भारतातलं रिटर्न भरून प्रत्यक्ष जेवढा कर लागला तेवढाच धरा, आणि त्यालाही मर्यादा आहे. कॅलिफोर्निया हे क्रेडिट देत नाही.

फ्रिस्कोकर
आमच्याकडे हा फॉर्मच नाही. :)

वांगीभात
छपराचा फॉर्म आहे ना?